अजून वाजवता?

आमच्या मल्लेश्वरमजवळ चौडय्या मेमोरियल हॉल आहे. सात तारांचं व्हायोलिन वाजवणाऱ्या टी. चौडय्यांच्या नावाचा, आणि इमारतही व्हायोलिनच्याच आकाराची. तिथं सत्तरीचा कलावंत बसला की रसिक म्हणतात, आता कुठं हात पिकलाय. याच बेंगळुरूत गळ्यात गिटार अडकवलेल्या माणसाला मात्र चाळिशी उलटली की विचारतात, ‘अजून वाजवता?’

इथल्या गिटारवादक-गायक ब्रूस ली मणीनं हे किती वेळा ऐकलं असेल! (असलं नाव लावणारा माणूस सहजी माघार घेईल असं वाटत नाहीच.) 1996 साली, कॉलेजच्या वयात, ड्रमर राजीव राजगोपाल आणि इतर मित्रांबरोबर त्यानं ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा बँड उभा केला. तेव्हा परदेशी गाणी हुबेहूब वाजवणाऱ्याला टाळ्या पडायच्या. हे स्वतःची गाणी घेऊन उभे राहिले. पुढं बेस वाजवणारे बदलले, बँडचं चालूच. ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, म्हणजे कन्नडमध्ये ‘जरा सांभाळून घ्या’! 2012 मध्ये तर ‘थ्री व्हील्स नाइन लाइव्ह्ज’ नावाचा तिहेरी अल्बम काढला. तीन चाकं म्हटल्यावर बेंगळुरूकराला ऑटोच आठवणार.

मणी गिटार वाजवता वाजवता गातो. हे दिसतं तितकं सोपं नाही. शब्द मात्रेच्या जरा आधी पडतो, उजवा हात मुद्दाम रेंगाळतो, आणि डावा हात तेवढ्यात जॅझच्या वळणाची अवघड कॉर्ड पकडून मोकळा होतो. गिटारवाल्याच्या डाव्या हाताच्या बोटांच्या शेंड्यांना घट्टे असतात. काही आठवडे वाजवलं नाही की ते मऊ पडून सोलायला लागतात. म्हणजे सुट्टीसुद्धा बोटांना विचारूनच घ्यायची.

2003 च्या एप्रिलमध्ये इथल्या पॅलेस ग्राउंड्सवर रोलिंग स्टोन्स हा रॉक बँड आला होता. त्यांचा गायक मिक जॅगर तेव्हा साठीला टेकलेला. लोकांनी तिकिटं काढून गर्दी केली, ‘अजून?’ असं कुणी विचारलं नाही. पाहुण्याला वय माफ, घरच्याला नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

पबमधल्या कार्यक्रमांवर संसार चालणं कठीण. इथल्या पबना तेव्हा वेळेची बंधनंही फार होती. मग मणी आणि मंडळींनी ‘टाकॅडमी’ ही संगीतशाळा काढली. आता रॉकच्याही ग्रेड परीक्षा असतात, त्यामुळं गिटारच्या कुठल्याही क्लासात फी भरताना पालक आधी प्रमाणपत्राची चौकशी करतात. बंडखोरी, ग्रेड पाच, विशेष प्रावीण्यासह! हसू येतं खरं, पण महिन्याकाठी नियमानं येणारी ती फी असली की पबवाल्याच्या फर्माइशीला नाही म्हणता येतं.