उजेडाचा वाटा

आमची खोली तळमजल्यावर. समोरची बिल्डिंग एवढी जवळ की दोन्हीकडून खिडकीबाहेर हात काढले तर हातात हात येतील. सकाळी दहाला ट्यूब लावायची, रात्री अकराला बंद करायची. मधे सूर्य उगवतो, मावळतो. आमचा त्याच्याशी संबंध नाही.

आधी झोपडीत होतो. दारात गटार, पावसात पत्रा गळायचा. ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. पण आय दारात बसून तांदूळ निवडायची आणि तिच्या पाठीवर ऊन असायचं. पक्कं घर मिळालं आणि वर्षाच्या आत आयची झोप गेली. दिवसा पेंगायची, रात्री टक्क जागी. मधेच रडायची. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी आहे. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. मी खेकसलो, "आय, आता काय कमी हाय तुला?"

ती म्हणाली, "मला दिस कळंना झालाय रं. कवा उगवतो, कवा बुडतो."

हे मला फार उशिरा कळलं, वाचल्यावर. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम पाहणं नाही. उजेड किती आहे ते त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. झोप, भूक, अंगाची ऊब त्या घड्याळावर चालते. या पेशी स्वतःच उजेड ओळखतात हे २००२ साली दाखवलं गेलं. घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. आयनं शाळेची पायरी न चढता तेच सांगितलं होतं.

हिशेब साधा आहे. भर उन्हात १,००,००० लक्सपर्यंत उजेड असतो, ढगाळ दिवशीही हजारांत. ट्यूबच्या खोलीत शंभर-दोनशे. तांदूळ निवडायला पुरतो, घड्याळाला पुरत नाही. आणि रात्री तोच पांढरा उजेड झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन अडवतो. दोन्हीकडून मार.

बा मिलमधे रातपाळी करायचा. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं शरीराचं घड्याळ बिघडवणारी पाळी 'बहुधा कर्करोगकारक' ठरवली. २०१८ साली मानखुर्द-गोवंडीकडच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला. ज्या घरांत ऊन-वारा शिरत नाही तिथं क्षय जास्त, असं त्यात निघालं. म्हणजे मन एकीकडे, फुप्फुस दुसरीकडे असं नाही. भिंत एकच आहे.

मित्रांनो, परळच्या एका खोलीत बाबासाहेब रात्री दोनला उठून दिव्यावर अभ्यास करायचे, हे आपण छाती फुगवून सांगतो. सांगावंच. पण ते हाल होते. आपल्या पोरांनी जन्मभर तसंच जगावं म्हणून ते शिकले नाहीत.

आता मी आयला रोज सकाळी अर्धा तास मैदानावर नेतो. रात्री ट्यूब बंद, कोपऱ्यात एक छोटा पिवळा दिवा. ती चार-पाच तास झोपते. पण सगळ्या तळमजल्यांतल्या आयांना मी कुठं नेऊ?

मोर्चात आपण पाणी मागतो, संडास मागतो, रेशन मागतो. दोन बिल्डिंगमधलं अंतर कुणी ठरवलं, ते कधी विचारलंय? गावानं आपल्याला कुसाबाहेर ठेवलं, पण ऊन त्याला अडवता आलं नव्हतं. शहरानं तेही कागदावर करून दाखवलं.

पुढच्या निवेदनात उजेड लिहा. जयभीम.