आम्ही आणि आपण

पहिल्या तासाला मी फळ्यावर इंग्रजीत 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' हे दोन शब्द लिहिले आणि मुलांना वाचायला सांगितलं. चाळीस मुलांनी दोन्ही शब्द अगदी सारखे वाचले. चिनी भाषेत 'व्ही'चा उच्चार नाही, हे मी आदल्या रात्री वाचून गेले होते, त्यामुळे तयारी होती. वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, हवा सोडा, असं मी करून दाखवलं. मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, तुमचेसुद्धा दोन्ही सारखेच ऐकू येतात."

खरं होतं ते. सोलापुरात आठ वर्षं इंग्रजी शिकवताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणाऱ्यालाही तो फरक ऐकू आला नसता. लिहिताना आपण मराठी माणसं फार काटेकोर असतो. 'व्ही'ला व्ह, 'डब्ल्यू'ला व. व्हॅन वेगळी, वॉटर वेगळं. बोलताना मात्र आपला व एकच, धड ओठांचा नाही की धड दातांचा नाही. त्या रात्री खोलीतल्या आरशासमोर उभी राहून, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, मी 'व्ही' म्हणायला शिकले. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला म्हणून दाखवला. तिनं मान डोलावली आणि पास केलं.

ही गोष्ट 2016च्या सप्टेंबरमधली. शहराचं नाव शिजियाझुआंग. आपल्या वर्तमानपत्रांत असंच छापतात, तिथं कुणी असं म्हणत नाही, पण मीही सवयीनं असंच लिहिते. हपेइ प्रांताची ही राजधानी. बीजिंगहून वेगवान गाडीनं दीडेक तासाच्या आत येते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथं एक खेडं होतं. रेल्वेचे दोन मार्ग इथं येऊन मिळाले आणि खेड्याचं शहर झालं. औषधांचे कारखाने, रुंद रस्ते, हिवाळ्यात धुरकट आभाळ. पर्यटकानं मुद्दाम यावं असं फारसं काही नाही. सोलापूरच्या बाईला त्यामुळे तिथं फार परकं वाटलं नाही.

सोलापुरात मी तासिका तत्त्वावर प्राध्यापक होते. तासिका तत्त्व म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: जितके तास तितके पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनला त्याच खुर्चीसाठी नव्यानं मुलाखत. एका ओळखीतून कळलं की तिकडच्या एका विद्यापीठाला इंग्रजी संभाषण आणि लेखन शिकवायला माणूस हवा आहे. बारा महिन्यांचा पगार, राहायला घर, वर्षाला एकदा तिकीट. आई म्हणाली, "चीनमध्ये इंग्रजी शिकवायला आपल्याला कशाला बोलावतील?" हा प्रश्न पुढे चार वर्षं मला वेगवेगळ्या लोकांनी विचारला. आईनं तो सगळ्यांत आधी विचारला, एवढंच.

चिनी शिकताना मात्र मराठीनं फार हात दिला. तिथल्या प-फ, त-थ, क-ख या जोड्या अमेरिकन सहकाऱ्यांना महिनोन्महिने छळत, मला त्या जन्मापासून येत होत्या. त्याहून मजा च-ची. आपला चहातला च वेगळा आणि चाकातला च वेगळा. लिपीत दोन्ही एकच, म्हणून आपल्याला त्याची जाणीवही नसते. चिनी भाषेला दोन्ही लागतात. माझ्याबरोबर शिकणारा लखनौचा एक विद्यार्थी चाकातल्या च-पाशी अडखळायचा, तेव्हा मला उगाचच अभिमान वाटायचा. सुरांचं म्हणाल तर तिथं मी त्याच्याइतकीच अडाणी.

भाषा मला खरी शिकवली ती कार्यालयात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी. निवृत्तीला आलेल्या, व्याकरण शिकवणाऱ्या, गरम पाण्याचा थर्मास कायम जवळ. तिकडे शिक्षकाला आडनाव आणि पुढे 'लाओशी' म्हणतात. आपल्याकडे शाळेतल्या बाईंना नुसतं 'बाई' म्हणतात तसं मी त्यांना नुसतं 'लाओशी' म्हणायचे. भेटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न "जेवलीस का?" असा असे. हा प्रश्न चिनी आहे असं इंग्रजी पुस्तकांत वाचलं होतं. आमच्या गल्लीत तो रोज सकाळी पायरीवर बसून विचारतात.

एकदा त्या मला 'आम्ही'साठीचे दोन शब्द समजावून सांगत होत्या. एक 'वोमन', दुसरा 'चान्मन', यातला च चाकाचा. उत्तरेकडच्या बोलण्यात 'वोमन' म्हणताना ऐकणारा बाहेर असू शकतो, 'चान्मन'मध्ये तो आत असतो. परदेशी माणसाला हे कळत नाही या अनुभवानं त्यांनी कागदावर गोल काढले, गोलात टिंबं काढली, एक टिंब बाहेर ठेवलं. मी म्हटलं, लाओशी, हे आमच्याकडे आहे. आम्ही आणि आपण. त्यांनी पेन खाली ठेवलं. गुजराती आणि तमिळ वाचकांना यात काही नवल वाटणार नाही, त्यांच्याकडेही हे आहे. पण इंग्रजीत नाही, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या आम्ही दोघी त्या दुपारी बराच वेळ त्यावर हसत होतो.

पुढे मी वर्गात त्यावर एक खेळ करायचे. फळ्यावर इंग्रजीत 'आम्ही जेवायला चाललो आहोत' असं वाक्य लिहायचं आणि विचारायचं: मला बोलावलंय की नाही? मुलांचे दोन तट पडायचे. कुणाचं नाव ॲपल, कुणाचं सेव्हन, कुणाचं विंटर. इंग्रजीच्या तासासाठी त्यांनी स्वतः घेतलेली नावं. भांडून झाल्यावर त्यांच्या लक्षात यायचं की इंग्रजी वाक्यातून हे कळायला मार्गच नाही.

आता ती बोलावण्याची गोष्ट.

2017च्या एप्रिलपासून परदेशी लोकांच्या कामाच्या परवान्याची पद्धत देशभर एक झाली. भाषाशिक्षकासाठी नियम असा की, तत्त्वतः त्यानं आपल्या देशाचीच मातृभाषा शिकवावी. इंग्रजीच्या बाबतीत व्यवहारात याचा अर्थ ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. भारत त्यात बसत नाही. नियमात मला अन्याय दिसला असं म्हणणार नाही. इंग्रजी माझी मातृभाषा नाहीच, आणि 'व्ही'ची गोष्ट मी वर सांगितलीच आहे. पण माझ्या शेजारच्या खोलीत एक तरुण यायचा. त्याची मातृभाषा इंग्रजी. 'मी गेलो आहे' आणि 'मी गेलो होतो' यांत काय फरक, असं मुलांनी विचारलं की तो मुलांना माझ्याकडे पाठवायचा. त्याला फरक बरोबर वापरता येई, सांगता येत नसे. मला सांगता येई, कारण मीही तो एके काळी घोकून शिकले होते.

विद्यापीठानं त्यातून वाट काढली. नव्या करारावर माझा विषय 'भारतीय समाज आणि संस्कृती' असा लिहिला. वर्गात मी शिकवत होते ते इंग्रजी लेखनच. वर्षातून दोन व्याख्यानं मात्र मी विषयाला धरून द्यायचे, मनाला बरं वाटावं म्हणून. सही करताना पेन जरा थांबलं होतं. सोलापुरात दर जूनला काय असतं ते आठवलं आणि सही केली.

त्याच वर्षी वरिष्ठांच्या सांगण्यावरून एका खाजगी क्लासमध्ये लहान मुलांच्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले. क्लासच्या मालकानं माईकवर माझी ओळख करून दिली. मला तेव्हा पुरेसं चिनी समजत होतं. मी इंग्लंडहून आल्याचं तो सांगत होता. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला. उठून 'नाही' म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. दीड तास गुण देत बसले, मुलांच्या 'व्ही'कडे कान देत.

बक्षीस समारंभानंतर एक आजी नातीचा हात धरून आली. माझ्याकडे नीट बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "यिन्दू!" इंडिया. मग 'कारवाँ' चित्रपटाचं चिनी नाव घेतलं, 'आवारा'चं घेतलं, आणि गुणगुणायला लागली. तिच्या पिढीला हे चित्रपट पाठ आहेत. क्लासचा मालक खोलीभर हसत सांगू लागला की या राहतात इंग्लंडमध्ये. आजीनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. मला विचारलं, "खरं ना?" मी म्हटलं, "खरं." तिनं माझ्या हातात मूठभर सोललेल्या शेंगदाण्यांचे दाणे ठेवले. मालकानं मला पुन्हा बोलावलं नाही, याचं वाईट वाटण्याचं कारण नव्हतं. वाईट वाटतं ते त्या दीड तासाचं.

त्याआधीच्या एप्रिलमध्ये, छिंगमिंगच्या दिवसांत, मुलांबरोबर मी हुतात्म्यांच्या उद्यानात गेले होते. पितरांच्या स्मरणाचा तो सण, शाळाच्या शाळा फुलं घेऊन येतात. तिथं डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांची समाधी आहे आणि डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची. कोटणीस आमच्या सोलापूरचे, जन्म 1910चा. 1938मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांतले एक. आपल्या नावाच्या चिनी रूपाच्या शेवटी त्या पाचही जणांनी 'ह्वा' हे चीनचं अक्षर जोडून घेतलं, म्हणून कोटणीस तिथं 'क दिह्वा'. 9 डिसेंबर 1942ला ते हपेइतच वारले, वय बत्तीस. मुलाचं नाव त्यांनी 'यिनह्वा' ठेवलं होतं, भारत आणि चीन. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

मी लहानपणी त्यांना शांतारामबापूंच्या सिनेमातून ओळखत होते. म्हणजे तसं पाहिलं तर शांतारामबापूंनाच ओळखत होते. समाधीसमोर उभं राहून मनात काही मोठं आलं नाही. हा माणूस इथलं चिनी कुणाकडून शिकला असेल, त्याचा च कुणी सुधारला असेल, असलंच काहीतरी आलं. लाओशींनी मुलांना सांगून टाकलं की ही त्यांच्याच गावची. 'लाओश्यांग' म्हणजे गाववाली. त्या दिवसापासून शिपाईसुद्धा मला तशी हाक मारी. परवान्याच्या कागदावर गाववाली असल्याचा उपयोग झाला नाही, ती वेगळी गोष्ट.

हपेइत ज्वारी मिळते. 'काओल्यांग' म्हणतात, त्याची दारू आणि व्हिनेगर करतात, पीठही मिळतं. पीठ लालसर, आपल्या मालदांडीची चव त्याला नाही. आईनं पाठवलेल्या लोखंडी तव्यावर मी त्याची भाकरी थापली, ती तुटली, तशीच भाजली. लाओशींनी शेंगाचटणीबरोबर एक तुकडा खाल्ला, मग दुसरा व्हिनेगरमध्ये बुडवून खाल्ला आणि हा बरा म्हणाल्या.

2020च्या जानेवारीत, वसंतोत्सवाच्या सुट्टीत, मी तीन आठवड्यांसाठी घरी आले. एक बॅग. नवीन वर्ष 25 तारखेला होतं, वुहान 23ला बंद झालं. मग तास ऑनलाइन सुरू झाले. तिथले सकाळचे आठ म्हणजे सोलापूरचे साडेपाच. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड आणि नको त्या वेळी येतं. मी निबंधाचा शेवट कसा करावा हे सांगत असताना मागून आई ओरडायची, "पाणी आलं!" दोन-तीनदा असं झाल्यावर सेव्हननं विचारलं, हा शब्द काय? मार्चच्या अखेरपर्यंत पूर्ण वर्ग एकसुरात 'पानी आला' म्हणू लागला होता. 28 मार्चला चीननं परदेशी लोकांचे चालू परवाने स्थगित केले. जुलैत करार संपत होता, तो वाढवता येणार नाही असं एका ओळीचं पत्र आलं. कारण लिहिलेलं नव्हतं, आणि लिहायची गरजही नव्हती.

जूनमध्ये गलवान झालं. 29 जूनला आपल्या सरकारनं 59 ॲप बंद केली, त्यात वीचॅट होतं. चीनमध्ये राहिलेल्या माणसाला वीचॅट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही: भाजीवाल्याचे पैसे, वर्गाचा गट, घरमालक, डॉक्टर, सगळं त्यातच. लाओशी ईमेल वापरत नसत. गल्लीत कुणाशी यावर बोलायची सोय नव्हती. टीव्हीवर लोक चिनी बनावटीचे टीव्ही फोडत होते. मीही कुणाला सांगितलं नाही की माझं कुणीतरी तिकडे आहे. इंग्लंडहून आले म्हटलं तेव्हा गप्प बसले होते, तशीच.

ॲप चालू होतं त्या शेवटच्या दिवसांत लाओशींचा आवाजी निरोप आला. घर रिकामं करावं लागलं, दोन खोकी भरली, कुकर आणि पुस्तकं नीट आहेत. 'चान्मन'चं सामान माझ्या घरी आहे, असं त्या म्हणाल्या. आपलं सामान. मी तो निरोप तीन वेळा ऐकला. तवा वापरायला काढा, तेल लावून ठेवा नाहीतर गंजेल, एवढंच उत्तर टाइप केलं.

दोन वर्षांनी सेव्हनची ईमेल आली. त्यानं लाओशींना भेटून एक फोटो काढून पाठवला होता. माझ्या तव्यावर त्यांची कांद्याच्या पातीची पोळी होती, एका बाजूनं जरा जास्त भाजलेली. खाली त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं, 'वी आर व्हेरी वेल'. मी मोठ्यानं वाचलं, दात ओठावर टेकवून. आई आतून म्हणाली, "काय गं?"