कॉफी कलरची शोकेस



आमच्या पिढीच्या घरांचा एक ठरलेला रंग होता. कॉफी कलर! १९८० च्या आगेमागे ज्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घरं बांधली, त्यांच्यापैकी कुणाच्याही हॉलमध्ये जा. भिंतीला खालून तीन फूट कॉफी कलरच्या ऑइल पेंटचा पट्टा, वर डिस्टेंपर, आणि एका भिंतीला आडवी पसरलेली गडद तपकिरी सनमायकाची शोकेस. तिच्यात टीव्हीची जागा, बाहुल्या, निरोप समारंभात मिळालेली घड्याळं, आणि ज्यातून कधीच कुणी चहा प्यायला नाही असा कपबशांचा सेट. मळ दिसत नाही, हा त्या रंगाचा मोठा गुण. पोरं लहान होती, भिंतीला हात पुसायची. तेव्हा ते बरोबरच होतं.

आमच्या वणीच्या घरातही हेच सगळं. चाळीस वर्षं त्याचं काही वाटलं नाही. पण यांना काचबिंदू झाला. (यांना म्हणजे आमच्या घरच्यांना. नाव घ्यायची सवय नाही अजून!) मोतीबिंदूसारखं हे ऑपरेशन करून परत दिसायला लागत नाही. गेली ती नजर गेली, थेंब घालून उरलेली सांभाळायची. आधी बाजूचं दिसणं कमी होतं, मग एकसारखे रंग एकमेकांत मिसळायला लागतात. तपकिरी भिंतीपुढे तपकिरी शोकेस, तिच्यापुढे तपकिरी टीपॉय. यांच्या लेखी तो सगळा एकच अंधार. मागच्या श्रावणात मधल्या दाराच्या पायरीवर अडखळून पडले. हाड वाचलं, पण त्यानंतर हे खुर्चीतून उठेनात. दुपारी स्वयंपाकघरात येऊन लुडबुड करणारा माणूस "पाणी आण गं" म्हणायला लागला, हे मला फार लागलं.

पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, ते सगळं भंगारात काढ. मी नवीन फर्निचर पाठवतो, हलकं, मॉडर्न." त्याची माया मला कळते. पण मी नको म्हटलं. कारण यांच्या हातांना हे घर पाठ आहे. शोकेसच्या कोपऱ्याला हात लागला की चार पावलांवर पायरी, कपाटाची मूठ लागली की डावीकडे न्हाणीघर. सामान बदललं असतं तर यांना आपल्याच घरात पाहुण्यासारखं चाचपडत फिरावं लागलं असतं. म्हणून ठरवलं, वस्तू इंचभरही हलवायची नाही, फक्त रंग बदलायचा.

आता रंग कुठला? तेहतीस वर्षं शाळेत काढल्यावर हे तरी कळतंच की मागच्या बाकावरच्या पोराला अक्षर दिसतं ते फळा काळा आणि खडू पांढरा म्हणून. जुन्या सेलमधली काळी पूड कालवून आम्ही फळे रंगवायचो, ते काय हौस म्हणून? तर तोच हिशेब घरात लावला. पुठ्ठ्याचे तुकडे वेगवेगळ्या रंगांनी रंगवले, शोकेसला टेकवून ठेवले आणि यांना खुर्चीत बसवून विचारलं, "काय दिसतं?" मला आवडलेला पिस्ता यांना दिसलाच नाही. पिवळा लगेच दिसला. चकचकीत ऑइल पेंटवर ट्यूबलाइटची तिरीप पडली की यांचे डोळे दिपायचे, तेव्हा चकाकणारा रंग बाद. शेवटी पट्टा आणि भिंत फिकट मलई रंगाची, शोकेस गडद निळी, दोन्ही बिनचकाकीचे, असं ठरलं.

रंगारी माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, काहून एवढा खटाटोप? नवी येईल ना एवढ्यात." मी म्हटलं, तू पॉलिश पेपर घे बाप्पा. सनमायकाची चकाकी घासून उतरवल्याशिवाय तिच्यावर काहीच धरत नाही. घासा, पुसा, प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन. घाई केली तर महिन्यात पापुद्रे निघतात.

भिंतीचा पट्टा मात्र मी कोरडा घासू दिला नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं घरगुती रंगात नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि २०१७ पासून लागू झाला. आमचा पट्टा त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून पाणी मारून घासलं, तोंडाला फडकं नव्हे तर चांगला मास्क, आणि नातवंडं त्या आठवड्यात येणार नाहीत असं बघितलं. माळ्यावर त्या कॉफी कलरचा उरलेला डबाही सापडला, आत वाळून दगड झालेला. डब्यावर आर. के. लक्ष्मण यांचा १९५४ सालचा गट्टू, ब्रश घेऊन मजेत उभा!

दारांच्या चौकटी तेवढ्या रंगवल्या नाहीत. त्या सागाच्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यात राहून सागावर रंग फासायचा म्हणजे अतीच झालं. सागाच्या अंगात तेल असतं, वरचा रंग नीट धरतही नाही. नुसतं पॉलिश केलं. फिकट भिंतीत काळपट चौकट आता अशी उठून दिसते की यांना दार शोधावं लागत नाही.

मागच्या खोलीला चुनाच दिला. राजूरच्या चुनाभट्ट्या आमच्या शेजारी, तेव्हा सासूबाईंपासूनची ती रीत आहे. कळीचा चुना पाण्यात टाकला की बादली तापते, रटरटतो. तो रात्रभर मुरू द्यायचा, गाळायचा, चिमूटभर नीळ घालायची. पहिल्या दिवशी भिंत मळकट वाटते, मग हवा पिऊन हळूहळू पांढरी होते. यांना त्या वासाची लहानपणापासून ओळख. "चुना लागला का गं?" म्हणून आपणहून मागच्या खोलीपर्यंत आले, भिंतीला हात धरून.

पायरीच्या कडेला दोन इंच पिवळा पट्टा ओढला आहे. दिव्यांच्या बटणांभोवती निळी चौकट. सूनबाई फोनवर बघून म्हणाली, "आई, अगदी बालवाडी दिसते!" दिसेना का. शोकेसमधल्या बाहुल्या काढल्या आणि खालच्या कप्प्यात यांची औषधं, चष्मा, रेडिओ ठेवला. निळ्यावर पांढरे डबे. औषध आता हे स्वतः घेतात, एवढंच की दोनदा घेतलं का ते मी मोजते.

राहता राहिली न्हाणीघराची कडी. तिला पिवळा द्यायचा की लाल, यावर आमचं दोघांचं अजून जमलेलं नाही. यांचं म्हणणं लाल. रंगारी रविवारी येतोय.