तीनपर्यंतची रांग

गडचिरोलीच्या जंगलभागात मतदान सकाळी सातला सुरू होते आणि दुपारी तीनला संपते. उरलेला बहुतेक महाराष्ट्र सहापर्यंत मत देतो. इथे मतदान पथकांना उजेड असताना माघारी पोचायचे असते. कुठे हेलिकॉप्टर उतरते, कुठे शाळेतले गुरुजी यंत्राची पेटी सांभाळत जवानांच्या मागून पायवाट तुडवतात. लोकसभेची निवडणूक एप्रिलात आली की मोहाचा हंगाम असतो. पहाटे झाडाखाली फुले वेचायची आणि ऊन चढायच्या आत केंद्राच्या रांगेत लागायचे.

रांगेच्या वाटेवर वर्षानुवर्षे नक्षलवाद्यांचे लाल कापडी बॅनर लागत आले. मतदानावर बहिष्कार टाका, नाहीतर परिणामांना तयार राहा. ही धमकी पोकळ कधीच नव्हती. 8 ऑक्टोबर 2009 रोजी भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले. विधानसभेचे मतदान होते 13 तारखेला. ते 13 तारखेलाच झाले. 11 एप्रिल 2019 रोजी एटापल्ली तालुक्यात वाघेझरीच्या केंद्राजवळ मतदान चालू असताना स्फोट झाला. तरीही त्या वर्षी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे 72 टक्के लोकांनी मत दिले. 2024 मध्येही तेवढ्यांनीच दिले. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबई पन्नाशीपाशी अडखळली. गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ब्रह्मपुरी आणि चिमूरसारखा शांत मुलूखही येतो हे खरे. पण जंगलातल्या रांगाही लहान नव्हत्या.

हे धाडस येते कुठून, याचा मी बराच विचार केला आहे. शौर्य हे उत्तर सोपे आहे, आणि मला ते अपुरे वाटते.

भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी एकत्र येतात. जिल्ह्यातली माणसेही अशीच निरनिराळ्या दिशांनी आलेली. भामरागडचे माडिया, धानोऱ्याकडचे गोंड, कोरचीकडे छत्तीसगढी बोलणारे, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीत पूर्व बंगालमधून आणून वसवलेले बंगाली. प्रत्येकाचे दुखणे निराळे. माडियाला वनहक्काचा पट्टा हवा. सिरोंच्याच्या शेतकऱ्याला मेडीगड्डा धरणाच्या पाण्यात बुडालेल्या जमिनीचा मोबदला हवा. बंगाली कुटुंबाला जातीचा दाखला हवा. बंदुकीपाशी या सगळ्यांसाठी एकच वाक्य होते: जाऊ नका. भीती सगळ्यांना सारखीच वाटली असेल. पण केंद्रावर जाण्याचे कारण प्रत्येकाचे आपापले होते, आणि इतकी कारणे एका हुकुमाने पुसता येत नाहीत. शिवाय मत गुप्त असते. रांगेतल्या शंभर जणांपैकी शिक्षा करायची तर कोणाला?

जिथे माणूस एकटा पडला, तिथे मात्र धमकी जिंकली. हे मान्य केलेच पाहिजे. एटापल्ली-भामरागडमधल्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या जागांसाठी अर्जच आले नाहीत. उमेदवाराला नाव लिहून द्यावे लागते, तो रांगेत लपू शकत नाही. गावचे पाटील, सरपंच खबरी ठरवून मारले गेले. त्या रिकाम्या खुर्च्यांमागे किती घरे उद्ध्वस्त झाली असतील, हे आठवले की टक्केवारीचा आनंद जिभेवर टिकत नाही. आणि ज्यांना खुर्ची सोडायची नव्हती तेही होते. 1991 मध्ये आमदार असताना धर्मरावबाबा आत्राम यांचे नक्षलवाद्यांनी अपहरण केले. सुटून आल्यावर ते पुन्हा लढले, हरले, जिंकले, मंत्री झाले. 2024 मध्ये अहेरीत त्यांच्या विरोधात उभी होती त्यांचीच मुलगी. एकाच घरातली माणसे समोरासमोर उभी राहून मते मागतात, ही मला त्या भागातली सर्वांत निर्भय गोष्ट वाटते.

नक्षलवादी 1980 च्या सुमारास गोदावरी-प्राणहिता ओलांडून आले, तेव्हा त्यांनी तेंदूपत्त्याचा भाव वाढवून दिला. वनखात्याचा जाच आणि ठेकेदाराची लूट खरी होती, म्हणून लोकांनी त्यांना भाकरी दिली. पुढे तेच काम कायद्याने होऊ लागले. मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. मग अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचेही मन वळत नसेल तर गाव पुन्हा बसते. ज्या गावाला एवढा वेळ थांबायची सवय आहे, त्याला रात्रीत येऊन हुकूम सोडणारा परकाच वाटणार. बंदुकीचा पाया तिथे खचला, असे माझे ठाम मत आहे. पोलिसांनी रक्त सांडले, त्याचे मोल कमी नाही. पण गावाला स्वतःच्या जंगलाचा हिशेब स्वतः मांडता आला नसता, तर नुसत्या छावण्यांनी हे घडले नसते.

हा पाया किती खचला होता ते पुढे दिसले. 15 ऑक्टोबर 2025 रोजी भूपती नावाने ओळखला जाणारा माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली.

आता माझी विनंती राज्य चालवणाऱ्यांना आहे. सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक धावत आहेत, आणि काही ग्रामसभा खाणींना नको म्हणत आल्या आहेत. त्या नकाराला नक्षली म्हणू नका. ज्या लोकांनी बंदुकीसमोरून जाऊन तुम्हाला मत दिले, त्यांचे म्हणणे त्यांच्याच गावात, त्यांच्याच भाषेत, बसून ऐकून घ्या.