वस्ताद चांगला की पोरं चांगली?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. त्यावरचा वाद मात्र बारा महिने चालतो. वाद तसा एकच आहे. संघ हरला तर दोष कोणाचा, शिकवणाऱ्याचा की शिकणाऱ्यांचा? दहावीचा निकाल लागला की आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी हाच वाद होतो, फक्त तिथे पैज कुणी लावत नाही.

माझा भाचा इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टनला शिकतो. तो या वादात पुरता बुडालेला आहे. "खाला, तुम्ही बीएड केलंय, तुम्हीच सांगा, कोच मोठा की टीम?" असं त्यानं विचारलं, तेव्हा मला त्या खेळाचं ओ की ठो कळत नव्हतं. आधी हे समजून घ्यावं लागलं की त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो, खेळ बहुतेक हातानं चालतो आणि अंगावर चिलखतासारखं सामान असतं. विद्यापीठांचे सामने पाहायला एकेका स्टेडियममध्ये लाख-लाख लोक बसतात. कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत महागडा माणूस राज्यपाल नसतो, फुटबॉलचा कोच असतो. एवढा पैसा म्हटल्यावर लोक हिशेब मागणारच.

हा वाद अलीकडे जास्त पेटला, कारण नियम बदलले. पूर्वी खेळाडूनं विद्यापीठ बदललं की साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागे. 2018 मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' आलं. त्यात खेळाडूचं नाव नोंदलं गेलं की इतर विद्यापीठांचे कोच त्याच्याशी बोलू शकतात. 2021 मध्ये पहिल्या बदलीसाठी वर्षभर बसण्याची अट गेली. त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर नि चेहऱ्यावर पैसे कमवायची मोकळीक मिळाली. 2025 पासून तर विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ लागली. त्यामुळे चार वर्षं घासूनपुसून पोरं तयार करण्याऐवजी एका हिवाळ्यात अख्खा संघ बदलता येतो, असं कोचांच्या लक्षात आलं.

हे सर्वांत ढळढळीतपणे करून दाखवलं डिऑन सँडर्स यांनी. खेळाडू म्हणून ते फार मोठे. कोच म्हणून मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठात त्यांनी नाव काढलं. डिसेंबर 2022 मध्ये ते कोलोरॅडोला आले. कोलोरॅडोनं त्या वर्षी 12 पैकी 11 सामने गमावले होते. पहिल्याच बैठकीत त्यांनी जुन्या पोरांना तोंडावर सांगितलं, की मी माझं सामान सोबत घेऊन आलोय, तुम्ही खुशाल पोर्टलचा रस्ता धरा. ती चित्रफीत जगानं पाहिली. 2023 चा हंगाम सुरू झाला तेव्हा ऐंशीहून जास्त चेहरे नवे होते. शिष्यवृत्तीवरच्या जुन्या पोरांपैकी दहाच्या आसपास उरले होते.

पहिल्या सामन्यात त्यांनी टीसीयूला 45-42 असं हरवलं. टीसीयू म्हणजे आदल्या वर्षीचा देशातला उपविजेता. पहिले तिन्ही सामने जिंकले, तेव्हा चाहते म्हणाले, पाहा, हा खरा वस्ताद. पुढच्या नऊपैकी आठ हरले. स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला 29-0 आघाडी असताना सामना घालवला. मग तेच चाहते म्हणू लागले, याला पोरं गोळा करता येतात, शिकवता येत नाही. 2024 मध्ये नऊ जिंकले, चार हरले, तेव्हा वाद पुन्हा उलटला. 2025 मध्ये परत तीनच विजय. आता तर बोलायलाच नको.

या सगळ्या गदारोळात गेलेल्या पोरांबद्दल फार कमी लोक बोलले. त्यातल्या एकानं पुढे पत्रकाराला सांगितलं, की नव्या कोचनं आपल्याला ओळखून घ्यायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. हे वाचून मी थबकले, कारण हा प्रकार मला चांगला माहीत आहे.

आपल्याकडे त्याला 17 नंबरचा फॉर्म म्हणतात. शाळा सुटलेल्या मुलाला बाहेरून दहावीला बसता यावं, म्हणून ही सोय आहे. चांगली सोय आहे, तिच्यामुळे कित्येकांचं शिक्षण पुन्हा सुरू झालं. पण माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत नववीचा निकाल लागला की कच्च्या पोरांच्या पालकांना बोलावून गोड आवाजात सांगत, "याला रेग्युलर नको, 17 नंबर भरा." पुढच्या जूनमध्ये त्या शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स लागे. खोटं काही नसे त्यात. बसलेली सगळी पोरं पास झालेली असत. मुलगा असेल तर तो 17 नंबर भरून गॅरेजला लागतो आणि फॉर्म तसाच राहतो. मुलगी असेल तर घरात लगेच रिश्त्याची बोलणी सुरू होतात. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, अशी दोन-चार नावं त्यांना तोंडपाठ असतील. टक्केवारीत ती नावं कुठेच नसतात.

म्हणून निकालावरून मास्तर जोखणाऱ्यांशी माझं जमत नाही. आणि "पोरंच अशी, आम्ही काय करणार?" म्हणणाऱ्या मास्तरांशी तर त्याहून नाही.

आता भाच्याच्या विद्यापीठाकडे येते, कारण कोच विरुद्ध पोरं हा वाद तिथे येऊन अडखळतो. इंडियाना हा बास्केटबॉलवाल्यांचा मुलूख. फुटबॉलमध्ये त्यांची इतकी वाईट अवस्था होती, की 2024 चा हंगाम सुरू होताना मोठ्या विद्यापीठांत आजवर सर्वाधिक सामने हरल्याचा विक्रम त्यांच्याच नावावर होता, सातशेहून जास्त. 2023 मध्ये तीन जिंकले, नऊ हरले. जुन्या कोचला करार मोडल्याचे दीड कोटी डॉलरहून जास्त देऊन घरी पाठवलं आणि कर्ट सिग्नेटी यांना आणलं.

सिग्नेटी तेव्हा साठी ओलांडलेले. अलाबामात निक सेबन यांच्या हाताखाली सहायक होते. ती झगमगाटातली नोकरी सोडून 2011 मध्ये ते पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या, दुसऱ्या श्रेणीतल्या विद्यापीठात मुख्य कोच झाले. तिथून ईलॉन, मग जेम्स मॅडिसन. सगळीकडे जिंकत आले. इंडियानात आल्यावर त्यांनीही पोर्टलमधून भरपूर पोरं घेतली, सोवळेपणा काही केला नाही. 2024 मध्ये अकरा विजय, दोन पराभव. 2025 च्या हंगामात सोळापैकी सोळा. 19 जानेवारी 2026 ला मायामीला 27-21 हरवून ते राष्ट्रीय विजेते झाले. सोळा-शून्य असा हंगाम त्याआधी 1894 मध्ये येलचा झाला होता.

भाच्याचे मित्र म्हणतात, ही पोर्टलची करामत. मला ते पटत नाही. सिग्नेटींनी पहिल्या वर्षी आणलेल्यांपैकी 13 पोरं त्यांच्याच जेम्स मॅडिसनची होती. त्यांच्यासोबत जुने सहायकही आले. म्हणजे वर्ग नवा दिसत होता, पण पुढच्या बाकांवर आधीच शिकलेली पोरं बसली होती. सरांनी अर्धं वाक्य बोललं की उरलेलं अर्धं त्यांना ठाऊक असे, आणि शेजारच्याला समजावायला ती होतीच. कोलोरॅडोकडेही याच नजरेनं पाहा. 2024 चं चांगलं वर्ष मुख्यतः दोघांनी ओढलं. शेड्यूर सँडर्स आणि त्या वर्षीचा हाइजमन पुरस्कार मिळवणारा ट्रॅव्हिस हंटर. शेड्यूर तर डिऑन यांचा मुलगाच. दोघंही जॅक्सन स्टेटपासून त्यांच्याकडे शिकत होते. दोघं गेल्यावर संघ तीन विजयांवर आला.

फ्लोरिडा स्टेटचंही उदाहरण घ्या. 2023 मध्ये त्यांनी शेवटच्या बाउल सामन्याआधीचे तेराच्या तेरा सामने जिंकले. मुरलेली पोरं व्यावसायिक लीगमध्ये गेली, रिकाम्या जागा पोर्टलनं भरल्या आणि पुढच्याच वर्षी बारापैकी दहा हरले. कोच तोच होता. वर्षभरात माणूस शिकवणं विसरला का?

मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. शब्द एकच आहे. उस्तादाचाच वस्ताद झाला. दोन्हीकडे गोष्ट तीच, एकाच मातीत वर्षानुवर्षं अंग घासणं. कोल्हापूरच्या तालमीतल्या वस्तादाला कुणी विचारत नाही की तू भारी की तुझी पोरं. सकाळच्या जोर-बैठकांत ते वेगळं काढताच येत नाही.

इंडियानाच्या सगळ्या कौतुकात मला एक पोरगा सर्वांत जास्त आवडला. ओमर कूपर ज्युनियर, इंडियानापोलिसचा. तो 2022 मध्येच, म्हणजे जुन्या कोचच्या काळात आला होता. चार-आठ आणि तीन-नऊ असे दोन्ही पडके हंगाम त्यानं पाहिले. नवा कोच आला, नवी पोरं आली. तो गेला नाही आणि त्याला कुणी घालवलंही नाही. 8 नोव्हेंबर 2025 ला पेन स्टेटच्या मैदानावर, लाखभर विरोधी चाहत्यांसमोर, इंडियाना 24-20 नं मागे होतं आणि शेवटची 36 सेकंदं उरली होती. फर्नांडो मेंडोझानं चेंडू मागच्या रेषेकडे उंच फेकला. कूपर हवेत उडाला, चेंडू धरला आणि बाहेर पडता पडता एका पायाचा चवडा आत टेकवला. कॉलेजच्या नियमाप्रमाणे तेवढं पुरतं. 27-24. भाच्यानं तो तुकडा पाठवला, तेव्हा इथे सकाळ झाली होती आणि मी रविवारच्या चहाचं आधण ठेवत होते. चहा उतू गेला.