चाळीस तारा आणि नाना पेठ

शनिवारची सकाळ. ग्रुपमधल्या सगळ्या जणी कोरेगाव पार्कात ब्रंचला, आणि मी रिक्षात, मांडीवर बुलेटचं मागचं चाक घेऊन! नवी जीन्स ग्रीसने माखली, ते सोडाच. रिक्षावाले काका आरशातून तीनदा बघून झाल्यावर न राहवून म्हणाले, "मॅडम, गाडी कुठंय?"

गाडी घरी. १९८६ ची स्टँडर्ड ३५०. बाबांची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, त्यामुळे मित्रांपैकी कुणी मागायला येत नाही. बायपासनंतर बाबांचं किक मारणं बंद झालं आणि गाडी माझ्याकडे आली. हिंजवडीला जाता-येता मी ती चालवते, आणि चालवताना (खरं सांगते) जरा भाव खाते.

जूनमध्ये एका पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मागचं चाक धाडकन आदळलं. त्यानंतर गाडी पन्नासच्या पुढे गेली की मागून कुणीतरी सीट हलवतंय असं वाटायचं. कधीमधी 'टिक' असा आवाज. मी काय केलं? तेच, जे आपण सगळे करतो. हेडफोन लावला! तीन महिन्यांनी आईला मागे बसवून सासवडला निघाले आणि दिवे घाटाच्या अलीकडे गाडी इतकी डगमगली की आईने माझा खांदा नाही, केस धरले. उतरून बघितलं, तर मागचे दोन स्पोक तुटून लोंबत होते.

घरी बाबा ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट. शांतपणे म्हणाले, "विकून टाकू. रविवारी एक जण बघायला येतोय." मी म्हटलं, चाक सरळ झालं तर? "झालं तर बघू."

एका चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, अख्खं चाक बदला, पार्ट यायला तीन आठवडे. सोसायटीसमोरच्या मेकॅनिकने चाक खोलून, टायर उतरवून दिलं आणि हात वर केले. "स्पोकचं काम आम्ही नाय करत. नाना पेठेत जा."

नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ. लक्ष्मी रोडवर आपण साड्या आणि सोनं बघतो, पण तो रस्ता पूर्वेला क्वार्टर गेटच्या दिशेने जसजसा सरकतो, तसा शोकेसमधला माल बदलत जातो. इकडे सायलेन्सर माळेसारखे टांगलेले, तिकडे क्लच प्लेटा बांगड्यांसारख्या रचलेल्या. दुचाकीचा कुठलाही पार्ट, बंद पडलेल्या मॉडेलचासुद्धा, इथे कुणाच्या तरी माळ्यावर असतो असं म्हणतात. रिक्षा गल्लीत शिरेना. उतरले आणि चाक हाताने ढकलत निघाले. नुसती रिंग डांबरावर फिरत होती आणि दर फेरीला एकदा 'टक' करून थबकत होती. दुकानदार मान वर न करता सांगत होते, "आउट काढायचाय? पुढं, डावीकडं."

डावीकडे म्हणजे जेमतेम एक टेबल मावेल एवढी जागा. भिंतीवर रिंगा, खाली स्पोकचे जुडगे, आणि स्टुलावर पांढऱ्या दाढीचे चाचा. त्यांनी चाक दोन बोटांनी गरकन फिरवलं, खडूचा तुकडा रिंगजवळ धरला. एका जागी पांढरी रेघ उमटली, बाकी रिंग कोरी. मग एकेका स्पोकवर पाना वाजवत गेले. काही 'टिंग' म्हणाले, काही 'थड'.

"किती दिवस चालवली अशी?"

"तीन महिने."

"और पीछे किसको बिठाया?"

मी गप्प. चाचाही गप्प. त्या दहा सेकंदांत माझं अप्रेझल झालं.

मग त्यांनी समजावलं. बैलगाडीचं चाक खालच्या आऱ्यावर उभं राहतं. तारेच्या चाकाचं उलट. इथे सगळ्या तारा ताणलेल्या असतात. वजन आलं की जमिनीकडच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, चाक फिरलं की परत येतो. साठच्या स्पीडला बुलेटचं चाक सेकंदाला साधारण आठ वेळा फिरतं. म्हणजे प्रत्येक तार सेकंदाला आठ वेळा सैल-घट्ट. ती मुळात चांगली ताणलेली असेल, तर वर्षानुवर्षं काही होत नाही. ढिली असेल तर हबजवळ, जिथे तिला बाक असतो, तिथे थकते आणि तुटते. एक तुटली की तिचा भार शेजारणीवर. आमच्या टीममध्ये कुणी पेपर टाकल्यावर होतं ना, सेम!

(घरी येऊन वाचलं. ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना जॉर्ज केली या इंग्रजाने १८०८ मध्ये मांडली, तीही उडत्या यंत्रासाठी. स्पोक तिरके, एकमेकांना छेद देत बसवायचं पेटंट १८७४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने घेतलं. ते तिरके असतात म्हणूनच हबला मिळालेला पिळा रिंगपर्यंत पोचतो. सरळ उभे असते तर हब आतल्या आत फिरायला बघेल.)

चाचा म्हणाले, "हब अच्छा है. रिंग फेकनी पडेगी."

इथे माझा आवाज चढला. ओरिजिनल रिंग आहे! वडिलांच्या वेळची! ठोकून नाही का होणार? बाजूच्या दुकानातला मुलगा तेवढ्यात म्हणाला, "देतो की ठोकून, अर्ध्या तासात." रविवार डोळ्यांसमोर होता. मी जवळजवळ हो म्हटलंच होतं.

चाचांनी रिंगच्या दबलेल्या जागी माझं बोट फिरवलं. कडेला केसाएवढी चीर नखाला लागली. "ठोकून गोल दिसेल. राहणार नाही. तू ले जा, लेकिन पीछे किसी को मत बिठाना." त्यांना नवी रिंग विकायची होती म्हणाल, तर ती त्यांनी समोरच्या दुकानातून आणायला लावली मला. एकोणीस इंची, चाळीस भोकांची.

पुढचे तीन तास मी मोबाइल काढला नाही. जुन्या तारा काढण्याआधी त्यांनी हबवर स्टीलची पट्टी आडवी धरली आणि रिंग किती आत-बाहेर बसते ते जमिनीवर खडूने लिहिलं. "ये नहीं लिखा तो चाक सीधा बनेगा, मगर गाडी के बीच में नहीं आएगा." मग हब घासून साफ, बेअरिंग हाताने फिरवून पाहिलं. नव्या तारांचे दोन ढीग, आतल्या आणि बाहेरच्या, बाक वेगवेगळा. आधी आतल्या, दोन्ही बाजूंना दहा-दहा. मग बाहेरच्या, उलट दिशेने, पहिल्यांना ओलांडत. सगळी निप्पलं नुसती दोन-तीन आटे चढवलेली. या क्षणी चाक अगदी केविलवाणं दिसतं, ओल्या टोपलीसारखं.

मग स्टँडवर. आधी वर-खालचा आउट, नंतर डावा-उजवा. एका वेळी पाव वळसा, जास्त नाही. एक बाजू घट्ट करायची तर समोरची सैल. खडूची रेघ कधी इकडे, कधी तिकडे. मलाही पाना दिला. मी उत्साहात पूर्ण वळसा मारला आणि चाचांचा अर्ध्या तासाचा आउट परत आणला! ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पाना काढून घेतला आणि चहा मागवला. शेवटी खडू फिरत्या रिंगजवळ स्थिर धरला, तर मधे जेमतेम एक मिलिमीटरचा फरक. आत डोकावणारी तारांची टोकं घासून सपाट केली, नाहीतर ट्यूब पंक्चर. चाळीसही तारांवर पाना फिरवला. टिंग, टिंग, टिंग.

बिल? ब्रंचपेक्षा फार जास्त नाही. वर ताकीद: शंभर किलोमीटर झाले की परत ये, तारा बसतात, पुन्हा ताणाव्या लागतात.

घरी आल्यावर मी अपराधी चेहऱ्याने बाबांना सांगितलं, की ओरिजिनल रिंग गेली. त्यांनी पेपर खाली केला.

"ओरिजिनल? अगं, ती मी ९४ साली बदलली होती. खंडाळ्याला खड्ड्यात घातली होती मी. आजोबा होते मागे."

"आणि बदलली कुठे?"

"नाना पेठेत. अजून कुठे?"

रविवारी तो माणूस गाडी बघायला आला, तेव्हा आम्ही घरी नव्हतो. दिवे घाट चढत होतो. बाबा मागे, पंचेचाळीसच्या स्पीडला, आणि दर दोन मिनिटांनी माझ्या कानात, "गिअर टाक आता... टाक ना!"