मायची बोरमाळ आणि विम्याचा अर्ज

आमच्या समुद्रपुरात शेतकरी पिकाचा विमा काढतो, पण घरातल्या दागिन्यांचा विमा म्हटले की लोक हसतात. आम्हीही हसलो असतो. परंतु २०२१ साली घरासाठी बँकेचे कर्ज घेतले, तेव्हा घराचा पाच वर्षांचा विमा काढावा लागला. त्या विम्यात दागिने आपोआप येत नाहीत, त्यांची वेगळी यादी द्यावी लागते असे कळले. म्हणून मायची बोरमाळ आम्ही यादीत घातली. वजन दोन तोळे, किंमत ९५ हजार. यादी ५ लाखांच्या आत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असली, तर सोनाराचा दाखला लागत नाही. घरात सगळे दोन तोळे म्हणत, तेच आम्ही लिहिले. मायला विचारलेदेखील नाही.

मागच्या उन्हाळ्यात जुन्या वायरिंगने दगा दिला. मधल्या खोलीतले लाकडी कपाट जळाले. माणसे वाचली, हे सगळ्यात मोठे. राखेतून स्टीलचा डबा निघाला. त्यात बोरमाळ होती, काळी पडलेली, काही मणी चेपलेले. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. सोने वितळायला हजार अंशांच्या वर उष्णता लागते. लाख मात्र शंभराच्या आतच पातळ होते. ती वाहून गेली आणि मण्यांचा आधार गेला.

आम्ही फोटो काढले, पोलीस ठाण्यात खबर दिली, विमा कंपनीलाही कळवले. मग माळ घेऊन सोनाराकडे गेलो. उरलेली लाख काढून त्याने वजन केले. काट्यावर आले ११ ग्रॅम! आम्ही दोनदा वजन करायला लावले. एक मणीही हरवला नव्हता. म्हणजे इतकी वर्षे आम्ही ज्याला दोन तोळे सोने म्हणत होतो, त्यात जवळजवळ निम्मी लाख होती.

आता दावा करायचा की नाही? शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "भाऊ, माळ वितळली, मलब्यात गेली असं लिहा. यादीत दोन तोळे आहेत ना! कंपनी काय गरीब आहे?" पत्नी म्हणाली, "त्यापेक्षा दावाच नको. वजनाची गोष्ट निघाली तर मायच्या मनाला काय वाटेल?" दोन रात्री आम्हाला झोप नव्हती. ९५ हजार म्हणजे कारकुनाच्या घरात लहान रक्कम नव्हे. पण दर रविवारी विहारात मुलांकडून पंचशील म्हणवून घेणारे आम्हीच. न दिलेले घेऊ नये, खोटे बोलू नये, हे मुलांना सांगायचे आणि अर्जावर खोटी सही करायची?

शेवटी मायला सगळे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "मले तवाच मालूम होतं, बाबू. तुह्या कॉलेजची फी भराची होती, तवा गहाण ठेवाले नेली होती. सावकारानं मणी फोडून दाखवला. तुह्या बाबानं जिनिंगमध्ये हमाली करून घेतली होती ते. त्याच्या जीवाले लागन म्हणून बोलली नाही."

आम्ही बी.कॉम. झालो ते त्या ११ ग्रॅमवर. आणि हिशेब शिकलेल्या आम्हाला तिला एकदा वजन विचारावेसे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. यादीतले वजन आमच्या चुकीने जास्त पडले, सोने ११ ग्रॅम आहे आणि ते शाबूत आहे, असे स्वच्छ लिहिले. मागणी केली ती फक्त दुरुस्तीची : नवी लाख, चेपलेले मणी, गाठवणे आणि घडणावळ. सोनाराची पावती जोडली. रक्कम लहान आहे, पण ती आमच्या हक्काची आहे. हप्ता भरला आहे, भीक मागितलेली नाही. खरा दावा नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, मग विमा लोकपालाकडे जायचे. तिथे फी लागत नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना जातीची खूण ठरलेले कथलाचे, चांदीचे जड दागिने टाकून द्यायला सांगितले. त्यानंतर आपल्या घरांत जे थोडे सोने आले, ते घामाचे आहे. म्हणून बहिणींनो, घरातल्या दागिन्यांचे आजच वजन करा, लाख वगळून. फोटो काढा, पावत्या जपा. नवा दागिना हॉलमार्कशिवाय घेऊ नका. विमा असेल तर दागिन्यांची नोंद आहे का, ते पाहा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून, तो दागिना कसा आला ते विचारा. आम्ही फार उशिरा विचारले.

जयभीम!